विजय अस्सल, घाट चुकीचा

मेस्सीने किती चषक जिंकले याची मोजदाद निघाली की कोणी तरी हटकून २०२१ च्या कोपा अमेरिकेवर, म्हणजे दक्षिण अमेरिकी देशांच्या फुटबॉल स्पर्धेवर, बोट ठेवतं. “तो कोविड कप. रिकाम्या मैदानातला. तो धरायचा नाही.” पलीकडून उत्तर तयारच असतं, “जळा लेको! २८ वर्षांनी अर्जेंटिना जिंकली, तीही ब्राझीलला ब्राझीलमध्ये हरवून.” मग नेमारचं रडणं निघतं, बचावातली चूक निघते, पंचांचे निर्णय निघतात आणि गाडी शेवटी रोनाल्डोपाशी जाऊन थांबते. मध्येच एखादा म्हणतो, अहो, ती स्पर्धा मुळात व्हायलाच नको होती, त्या दिवसांत तिथे माणसं पटापट मरत होती. त्या बिचाऱ्याला कोणी वाली नसतो. अर्जेंटिनावाले त्याला नेमारचा छुपा चाहता ठरवतात आणि ब्राझीलवाले त्याचं वाक्य उचलून आपल्या कामाला जुंपतात: बघा, स्पर्धाच चुकीची होती, म्हणजे कपही खोटा.

हा वाद इतकी वर्षं रटाळपणे चालू राहण्याचं कारण म्हणजे त्यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतवून ठेवलेत. १० जुलै २०२१ च्या रात्री रिओच्या माराकाना मैदानावर जे घडलं त्याची किंमत किती, हा एक. आणि ३१ मे रोजी ती स्पर्धा ब्राझीलच्या पदरात टाकण्याचा निर्णय योग्य होता का, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर आहे, पूर्ण किंमत. त्या कपाशेजारी कसलीही फुली मारायचं कारण नाही. दुसऱ्याला उत्तर आहे, निर्णय चुकीचा होता, आणि अंतिम सामना याच्या दहापट रंगला असता तरी तो चुकीचाच राहिला असता. अर्जेंटिनाचे चाहते पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावरून दुसऱ्याचं उत्तर काढतात, विरोधक दुसऱ्यावरून पहिल्याचं. चूक एकच, फक्त उलट्या दिशेने केलेली.

आधी रिकाम्या मैदानाचं पाहू, कारण त्या मुद्द्यात दम आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. प्रेक्षक नसले की घरच्या संघाचा फायदा कमी होतो, हे महामारीच्या काळात चांगलंच दिसून आलं. मे २०२० मध्ये जर्मनीची बुंडेसलिगा रिकाम्या मैदानांत पुन्हा सुरू झाली तेव्हा सुरुवातीच्या आठवड्यांत पाहुण्या संघांनी घरच्यांपेक्षा जास्त सामने जिंकले. पुढच्या अनेक अभ्यासांनी आणखी एक गोष्ट दाखवली: प्रेक्षकांचा गलका नसला की पंच पाहुण्या संघाला पूर्वीपेक्षा कमी कार्डं दाखवतात. ब्राझीलने आधी पाच वेळा घरच्या मैदानावर कोपा भरवला होता आणि पाचही वेळा जिंकला होता. सहाव्या खेपेला अंतिम सामन्याला फक्त काही हजार निमंत्रित होते, बाकी माराकाना ओस. तेव्हा ब्राझीलचं काही तरी हिरावलं गेलं, हे कबूल.

पण भरलेलं माराकाना म्हणजे ब्राझीलचा विजय, हे समीकरण कुणी सिद्ध केलंय? त्या मैदानाचा सर्वांत प्रसिद्ध सामना १९५० च्या विश्वचषकातला. नोंदीनुसार १,७३,८५० तिकिटं खपली होती, प्रत्यक्षात आत शिरलेले त्याहून जास्त असावेत असं मानतात. ब्राझीलला बरोबरी पुरेशी होती, गोलही आधी ब्राझीलने केला. उरुग्वेने २-१ ने सामना नेला आणि पुढची कित्येक दशकं गोलरक्षक बार्बोसाला त्या एका गोलाबद्दल बोल ऐकावे लागले. गर्दी पाठीशी असते तशी मानगुटीवरही बसते. २०२१ मध्ये पन्नास-साठ हजार ब्राझीलियन असते तर अर्जेंटिनाच्या डी मारियाचा विजयी गोल झाला नसता, असं म्हणणाऱ्याने १९५० चं काय करायचं तेही सांगावं.

महामारीने स्पर्धेची गणितं बिघडवली, असा आणखी एक आक्षेप. बिघडवली, खरंच. पण कुणाच्या बाजूने? १३ जूनच्या उद्घाटनाच्या सामन्याआधी व्हेनेझुएलाच्या तंबूत संसर्ग घुसला आणि त्यांना घाईघाईने १५ नवे खेळाडू बोलवावे लागले. त्या विस्कटलेल्या संघाला ३-० ने हरवणारा संघ ब्राझीलच होता. फुली मारायचीच असेल तर ती मारायला सुरुवात कुठून करणार?

आणि रिकाम्या मैदानाने खेळ पातळ झाला म्हणणाऱ्यांनी ब्राझीलियातला उपांत्य सामना पुन्हा पाहावा. कोलंबियाविरुद्ध १-१ अशी बरोबरी, मग पेनल्ट्या. अर्जेंटिनाचा गोलरक्षक एमिलियानो मार्टिनेझ प्रत्येक कोलंबियनाला चेंडू ठेवण्याआधी डिवचत होता, तू घाबरलास, तुला मी ओळखतो, तुझा घास घेतो बघ, आणि ते सगळं स्पष्ट ऐकू येत होतं, कारण ते बुडवून टाकायला मैदानात कोणी नव्हतं. त्याने तीन पेनल्ट्या अडवल्या. भरलेल्या मैदानात ती बडबड आपल्याला कळलीसुद्धा नसती. मला विचाराल तर फुटबॉलमधलं मानसिक युद्ध इतकं उघडं पडलेलं त्याआधी फारसं कधी ऐकायला मिळालं नव्हतं.

अंतिम सामन्यातला गोलही कुणाच्या मेहेरबानीचा नव्हता. २२ व्या मिनिटाला रॉड्रिगो दि पॉलने आपल्या अर्ध्या भागातून लांबलचक चेंडू टाकला, ब्राझीलच्या रेनान लोदीचा पाय त्याला नीट लागलाच नाही, आणि डी मारियाने पहिल्या स्पर्शात चेंडू ताब्यात घेऊन दुसऱ्या स्पर्शात पुढे आलेल्या गोलरक्षक एडर्सनच्या डोक्यावरून अलगद जाळ्यात सोडला. त्यानंतर सत्तरेक मिनिटं अर्जेंटिनाने तो एक गोल जिवावर उदार होऊन राखला. सुंदर सामना म्हणणार नाही. फाउलच फाउल, तुटक तुटक खेळ, आणि शेवटी शेवटी खुद्द मेस्सीने समोर फक्त गोलरक्षक असताना संधी घालवली. पण हे सगळं दोन्ही संघांनी एकाच मैदानावर, एकाच नियमांखाली, एकाच शांततेत केलं. यापेक्षा वेगळा निकष आपण कुठल्या अंतिम सामन्याला लावतो?

इथपर्यंत वाचून अर्जेंटिनाचे चाहते खूश झाले असतील. आता दुसरा प्रश्न.

ही स्पर्धा मुळात २०२० मध्ये अर्जेंटिना आणि कोलंबिया मिळून भरवणार होते. ती वर्षभर पुढे ढकलली. २०२१ च्या एप्रिलअखेर कोलंबियात करवाढीवरून लोक रस्त्यावर आले आणि मे महिन्यात बारांकियामध्ये कोपा लिबर्तादोरेसचा, म्हणजे खंडातल्या क्लबांच्या स्पर्धेचा, सामना चालू असताना बाहेरच्या अश्रुधुराचे लोट आत आले, खेळाडू डोळे चोळत उभे, सामना पुन्हा पुन्हा थांबवावा लागला. २० मे रोजी कोलंबियाचं यजमानपद गेलं. अर्जेंटिनात साथ शिगेला पोचली होती, कडक टाळेबंदी लागली होती. ३० मे रोजी तेही गळालं. आणि दुसऱ्याच दिवशी, स्पर्धेला दोन आठवडे उरले असताना, दक्षिण अमेरिकेच्या फुटबॉल महासंघाने, म्हणजे कॉनमेबॉलने, ब्राझीलचं नाव जाहीर करून अध्यक्ष बोल्सोनारो यांचे जाहीर आभार मानले. साथ आटोक्यात नाही म्हणून एका देशाकडून काढलेली स्पर्धा कुठे नेली? तोवर ज्या देशात साडेचार लाखांहून जास्त मृत्यू नोंदले गेले होते, तिथे. स्पर्धा चालू असतानाच, १९ जूनला, ब्राझीलमधल्या मृतांचा आकडा पाच लाखांवर गेला.

या निर्णयाच्या बाजूने जो सर्वांत बळकट युक्तिवाद आहे तो चाहत्यांच्या भांडणात क्वचितच ऐकू येतो, म्हणून मीच मांडतो. ब्राझीलमध्ये फुटबॉल थांबलेलं नव्हतंच. राष्ट्रीय लीगचा नवा हंगाम मे महिन्याच्या शेवटी सुरू झाला होता. लिबर्तादोरेससाठी क्लब खंडभर विमानं बदलत फिरत होते. विश्वचषकाच्या पात्रता फेऱ्या चालू होत्या. मग दहा संघ, २८ सामने, चार शहरं, आणि प्रेक्षक नाहीत, एवढ्याने असं काय आभाळ कोसळणार होतं? आठवड्याला डझनावारी सामने सोसणाऱ्या देशाला हे २८ जड का व्हावेत? देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेही स्पर्धा रोखायला नकार दिला होता.

प्रश्न रास्त आहे. पण ‘आधीच चालू असलेलं’ ते फुटबॉल नेमकं कसं चाललं होतं, हे बघितलं की या युक्तिवादाची हवा जाते. १९ मे २०२१, ब्युनॉस आयर्स. रिव्हर प्लेट क्लबच्या वीसहून जास्त खेळाडूंना लागण झालेली. चारही गोलरक्षक घरात बंद. लिबर्तादोरेसमध्ये कोलंबियाच्या सांता फे क्लबशी सामना. रिव्हरने एक जादा गोलरक्षक नोंदवू द्या अशी विनंती केली, कॉनमेबॉलने ती फेटाळली. नियमावर बोट ठेवलं तर महासंघाचं चुकलं नव्हतं. ५० पर्यंत नावं नोंदवायची मुभा होती, रिव्हरने कमी नोंदवली होती. शेवटी जेमतेम अकरा जण उभे राहिले, राखीव बाकावर एकही खेळाडू नाही, आणि गोलात हातमोजे चढवून उभा राहिला ३५ वर्षांचा मधल्या फळीतला एन्झो पेरेझ, तोही मांडीच्या दुखापतीतून सावरत असलेला. पहिल्या सहा मिनिटांत रिव्हरने दोन गोल केले आणि मग पेरेझने पोटाशी धरत, छातीवर घेत चेंडू अडवले. २-१. जगभर कौतुक झालं, आणि व्हायलाच हवं होतं. मीही तो सामना तोंडात बोट घालून पाहिला. पण कौतुकाचा भर ओसरल्यावर विचारायचा प्रश्न असा, की ज्या संघात निम्म्याहून जास्त माणसं एका संसर्गजन्य रोगाने पडली आहेत त्या संघाला मैदानात उतरवणारी व्यवस्था कसल्या हिशेबाने चालते? त्या एका विनंतीला नाही म्हणणाऱ्यांनीच बारा दिवसांनी ब्राझीलचा निर्णय घेतला. फुटबॉल आधीपासून चालू होतं हे खरं, आणि ते असं चालू होतं म्हणूनच त्यात आणखी भर घालणं बरोबर नव्हतं.

इथे १९१९ ची आइस हॉकी आठवल्यावाचून राहत नाही. स्टॅन्ले कपची अंतिम मालिका सिएटलमध्ये चालली होती, यजमान मेट्रोपॉलिटन्स आणि माँट्रियल कॅनेडियन्स यांच्यात. दोघांचे दोन-दोन विजय, एक सामना बरोबरीत. १ एप्रिलला निर्णायक सामना होता, आणि त्या दिवशी माँट्रियलचे खेळाडू फ्लूने आडवे झाले. माँट्रियलने कप सोडायची तयारी दाखवली. सिएटलच्या पीट मल्डून या प्रशिक्षकाने घ्यायला नकार दिला. समोरचा संघ आजाराने पडला म्हणून आपण विजेते कसे? सामना झालाच नाही. चार दिवसांनी माँट्रियलचा खेळाडू ज्यो हॉल दवाखान्यात वारला. त्या वर्षी विजेता नाही, कपावर दोन्ही संघांची नावं आणि मालिका अपुरी राहिल्याची नोंद. हॉकी काही त्यामुळे बुडाली नाही.

अर्थात १९१९ मध्ये दूरचित्रवाणीचे करार नव्हते, असं कोणी म्हणेल. बरोबर आहे. कोपा रद्द झाला असता तर बोलिव्हिया, व्हेनेझुएला यांसारख्या संघटनांना मिळणारी सहभागाची रक्कम बुडाली असती, आणि त्या पैशावर युवा संघ, महिला संघ, पंचांचे वर्ग चालतात. यजमान ब्राझीलच्या तिजोरीपेक्षा बोलिव्हियाच्या संघटनेला ती रक्कम जास्त लागते. हा मुद्दा मला पैशाच्या लोभाचा म्हणून झटकून टाकता येत नाही. पण मग हेही मोजा: कोपा २०१५ मध्ये झाला, २०१६ मध्ये शताब्दीचा म्हणून पुन्हा झाला, २०१९ मध्ये झाला, आणि चौथा हा २०२१ चा. सात वर्षांत चार. चौथा घाट युरोच्या, म्हणजे युरोपीय देशांच्या स्पर्धेच्या, वेळापत्रकाशी जुळवून घेण्यासाठी घातलेला होता. दुर्मीळ, हुकली तर पिढी वाया जाईल अशी ही स्पर्धा नव्हती. जो महासंघ दोन वर्षांत पुन्हा कोपा भरवू शकतो, त्याला एक खेप सोडताच येत नव्हती?

आणि खुद्द या स्पर्धेच्या इतिहासात थांबण्याचं उदाहरण आहे, तेही रिओमधलं. दक्षिण अमेरिकेची स्पर्धा १९१८ मध्ये रिओला व्हायची होती. त्या वर्षी स्पॅनिश फ्लू बंदरातून शहरात शिरला. दुकानं बंद, शवपेट्या अपुऱ्या, हजारो मृत्यू. देशाचे निवडून आलेले अध्यक्ष रॉड्रिग्ज आल्व्हेस शपथ न घेताच जानेवारी १९१९ मध्ये आजारपणात गेले. स्पर्धा पुढे ढकलली, आणि लाट ओसरल्यावर मे १९१९ मध्ये खेळवली. २९ मे रोजी लारांजेइरासच्या मैदानावर ब्राझील आणि उरुग्वे निर्धारित वेळेत बरोबरीत राहिले. अर्ध्या तासाचा जादा वेळ झाला, त्यातही गोल नाही, म्हणून आणखी अर्धा तास, आणि त्यात फ्रीडनराइखने एकमेव गोल केला. दीडशे मिनिटांचा सामना. ब्राझीलचा हा पहिलावहिला खंडीय चषक. त्याला ‘फ्लू कप’ म्हणून कोणी नाकारत नाही, आणि तो पुढे ढकलला म्हणून कोणी नावंही ठेवत नाही. म्हणजे एकाच स्पर्धेत दोन्ही गोष्टी दिसतात: साथीच्या सावलीत जिंकलेला कप खरा असतो, आणि साथ असताना थांबताही येतं.

“पण लोकांना त्या काळात आनंदाची गरज होती.” होती. घरात कोंडलेल्या, माणसं गमावलेल्या कोट्यवधी लोकांना नव्वद मिनिटं दुसरं काही तरी डोक्यात आलं, याची टिंगल मी करणार नाही. प्रश्न एवढाच, की आनंद कुणाचा आणि जोखीम कुणाची? आनंद जगभर वाटला गेला. जोखीम मात्र जवळच्यांच्या वाट्याला आली. स्पर्धेच्या पहिल्याच आठवड्यात ब्राझीलच्या आरोग्य मंत्रालयाने बाधितांचे आकडे द्यायला सुरुवात केली, त्यांत खेळाडूंच्या बरोबरीने कंत्राटी कामगार होते. खेळाडूंसाठी सिनोव्हॅक कंपनीने कॉनमेबॉलला लशीचे ५०,००० डोस आधीच दिले होते, आणि तेव्हा त्या खंडात सामान्य माणूस आपला नंबर कधी लागतो याची वाट पाहत होता. बोलिव्हियाचा मार्सेलो मोरेनो स्वतः बाधित झाला, त्याने महासंघाला जाहीरपणे सुनावलं. त्याला मिळालं काय, तर एका सामन्याची बंदी आणि २०,००० डॉलरचा दंड. मेस्सीने स्वतः लागण होण्याची काळजी वाटते असं पत्रकारांसमोर सांगितलं होतं. त्याच्या नावाने भांडणाऱ्यांना ते आठवत नाही.

“शेवटी काही झालं का?” हा प्रश्न विजयी मुद्रेने विचारला जातो. स्पर्धेमुळे ब्राझीलमध्ये मोठी नवी लाट आल्याचं दिसत नाही, जुलैमध्ये तिथले मृत्यू उतरणीला लागले होते, हे मान्य. पण लाल सिग्नल तोडून गाडी पलीकडे सुखरूप पोचली, म्हणून सिग्नल तोडणं बरोबर ठरतं का? निर्णयाचा न्याय तो घेतला त्या दिवशीच्या माहितीवर करायचा असतो. ३१ मे रोजी हाताशी काय होतं? अपुरं लसीकरण, आटोक्यात न आलेला संसर्ग, तिसऱ्या लाटेचा इशारा देणारे ब्राझीलचेच साथरोगतज्ज्ञ, आणि तयारीला दोन आठवडे. पुढे पासे बरे पडले, यात महासंघाचं शहाणपण नव्हतं.

शिवाय निर्णय ज्या तडफेने झाला ती तडफच सर्वांत जास्त खुपते. त्याच महिन्यात ब्राझीलच्या सिनेटची चौकशी समिती महामारीतल्या सरकारी कारभाराची उलटतपासणी घेत होती. फायझरच्या अधिकाऱ्याने समितीपुढे सांगितलं, की ऑगस्ट २०२० मध्ये आपण सात कोटी डोस देऊ केले होते आणि सरकारकडून उत्तर आलं नाही. करार झाला मार्च २०२१ मध्ये. लशीच्या पत्राला महिनोन् महिने उत्तर नाही आणि फुटबॉलच्या विचारणेला होकार एका दिवसात! समितीतल्या सदस्यांनी हीच तुलना करून सरकारला धारेवर धरलं, आणि मास्टरकार्डसारख्या प्रायोजकांनी स्पर्धेवरून आपलं नाव काढून घेतलं. बिअर विकणारी आंबेव्ह कंपनीही बाजूला झाली. मद्य कंपनीला जे अवघडल्यासारखं वाटलं ते महासंघाला वाटू नये?

आता युरोप. ब्राझीलवर टीका करणाऱ्यांना अर्जेंटिनाचे चाहते विचारतात, की कोपाच्या अंतिम सामन्याच्या दुसऱ्याच दिवशी लंडनच्या वेम्ब्लीवर युरोच्या इटली-इंग्लंड अंतिम सामन्याला साठ हजारांहून जास्त लोक बसले होते, तेव्हा तुम्ही कुठे होता? हा टोला वर्मी लागतो आणि लागायलाच हवा. इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेच्या नंतरच्या अंदाजानुसार त्या अंतिम सामन्याला आलेल्यांपैकी २,२९५ जण तेव्हा बहुधा संसर्ग पसरवण्याच्या अवस्थेत होते आणि ३,४०४ जणांना त्या सुमारास लागण झाली असावी. स्कॉटलंडमध्ये युरोच्या सामन्यांशी आणि त्यानिमित्तच्या मेळाव्यांशी जोडलेले १,९९१ रुग्ण जूनअखेरच सापडले होते, त्यांतले बहुतेक लंडनला जाऊन आलेले. माराकानात गर्दी झालीच नाही, वेम्ब्लीत झाली. तरी ‘महामारीतला कप’ हे लेबल मेस्सीलाच चिकटलं, इटलीला नाही. युरोपच्या मैदानांकडे बघायची नजर वेगळी आणि दक्षिण अमेरिकेकडे बघायची वेगळी, हा दुटप्पीपणा आहे आणि त्याबद्दल चिडणारे बरोबर आहेत. फक्त त्या चिडण्यातून निष्कर्ष कोणता निघतो? वेम्ब्लीही चुकलं, हा. ब्राझील सुटला, हा नव्हे.

चुकीच्या घाटातून अस्सल विजय निघू शकतो हे पचवणं जड जातं, कारण आपल्याला गोष्ट एकरंगी हवी असते. अर्जेंटिनाला स्वतःच्याच इतिहासात याहून कितीतरी कडू उदाहरण आहे. १९७८ चा विश्वचषक लष्करी राजवटीने भरवला. अंतिम सामना झालेल्या मोन्युमेंतल मैदानापासून जवळच नौदलाची ती शाळा होती जिथे राजवटीने उचललेल्यांचा छळ चालायचा, आणि तिथून वाचलेल्यांनी सांगितलंय की गोल झाल्याचा जल्लोष कोठडीपर्यंत ऐकू यायचा. २५ जूनला अर्जेंटिनाने नेदरलँड्सला ३-१ ने हरवलं, केम्पेसने दोन गोल केले. त्या गोलांना खोटं म्हणायचं? आणि गोल खरे म्हणून त्या राजवटीला माफ करायचं? छळछावणी आणि महामारीतलं बेफिकीर नियोजन एका मापाने मोजण्याचा माझा इरादा नाही. पण अर्जेंटिनातले कितीतरी लोक गेली चार दशकं ती दोन सत्यं एकत्र बाळगून आहेत, केम्पेसवर प्रेम आणि जनरलांचा तिरस्कार. २०२१ साठी तर त्याच्या शतांशानेही मन मोठं करावं लागत नाही.

ब्राझीलच्या खेळाडूंना हे कळलं होतं. स्पर्धेच्या आयोजनाला आमचा विरोध आहे, पण राष्ट्रीय संघाला आम्ही नाही म्हणणार नाही, असं निवेदन त्यांनी ८ जूनला पॅराग्वेविरुद्धच्या पात्रता सामन्यानंतर काढलं. चाहत्यांनी त्यांना दोन्ही बाजूंनी झोडपलं: विरोध होता तर खेळलात कशाला, आणि खेळायचं होतं तर विरोध कशाला? मला तरी त्या निवेदनात ढोंग दिसत नाही. बहिष्कार टाकला असता तर जास्त आवडलं असतं, हे खरं. पण आयोजन वेगळं आणि खेळणं वेगळं, हा भेद त्यांनी दोन ओळींत केला, जो त्यांचे पाठीराखे अजून करू शकलेले नाहीत.

राहिला शेवटचा बचाव: एकदा यंत्र चालू झालं की ते थांबवता येत नाही, करार असतात, प्रक्षेपण असतं, दोन देशांची इभ्रत असते. याचं उत्तर ब्राझीलनेच दिलं, दोन महिन्यांच्या आत. ५ सप्टेंबर २०२१, साओ पावलो, विश्वचषक पात्रतेचा ब्राझील-अर्जेंटिना सामना. मैदानात मेस्सी, नेमार. पाचेक मिनिटं खेळ झाला असेल, तोच देशाच्या आरोग्य नियामक संस्थेचे, अन्विसाचे, अधिकारी गळ्यात ओळखपत्रं अडकवून थेट मैदानात आले. इंग्लंडहून आलेल्या अर्जेंटिनाच्या चार खेळाडूंनी विलगीकरणाचा नियम पाळला नव्हता. त्यांत पेनल्ट्या अडवणारा मार्टिनेझ होता, रोमेरोही होता. धक्काबुक्की, आरडाओरडा, अर्जेंटिनाचा संघ आत निघून गेला आणि सामना तिथेच थांबला. कारवाई आधी का केली नाही, विमानतळावर का नाही, यावर बोंब झाली आणि ती रास्तच होती. पण नियम होता, तो लागू करणारी संस्था होती आणि तिचे अधिकारी चेंडू खेळात असताना मैदानावर पाऊल टाकू शकत होते. तो सामना पुन्हा कधी झालाच नाही. वर्षभराच्या घोळानंतर फिफाने तो रद्द केला. ब्राझील गटात पहिला आला, अर्जेंटिना दुसरा, दोघेही एकही सामना न हरता कतारला गेले, आणि तिथे अर्जेंटिनाने विश्वचषक जिंकला.